नातवंडाचं पेन्सिल पोर्ट्रेट दर वेळी वयानं मोठं दिसतंय? दोष कुठे शोधायचा

डोळे जमले, नाक जमलं, ओठही बरोबर आले. आणि चित्र पुरं करून लांबून पाहिलं तर चार वर्षांच्या नातीच्या जागी चाळिशीतली बाई बसलेली. पुसून पुन्हा काढलं तरी तीच बाई. नातवंडांची चित्रं काढणाऱ्या आजी-आजोबांची ही तक्रार माझ्यापर्यंत सारखी येत असते, म्हणून तिचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

यावर बहुतेक जण करतात ते उपाय ठरलेले असतात. शेडिंग फिकं करायचं, गाल घासून गुळगुळीत करायचे, डोळे आणखी मोठे करायचे. त्यानं चित्र फिकं होतं, गुळगुळीत होतं, पण वय काही उतरत नाही. कारण मूळ दोष शेडिंगमध्ये नसतो. तो आखणीत असतो, आणि आखणीतही नेमका अशा जागी, जिथे काढण्यासारखं काहीच नसतं: कपाळात आणि डोक्याच्या वरच्या भागात. दुसरीही कारणं आहेत आणि ती पुढे येतील, पण हे तपासल्याशिवाय त्यांच्याकडे वळू नका. आखणी चुकलेली असेल तर वरचं सगळं शेडिंग वाया जातं.

आधी मोजा: डोळ्यांची रेषा कुठे आहे?

मोठ्या माणसाच्या डोक्याचा माथा ते हनुवटी असा भाग घेतला तर डोळे साधारण बरोबर मधोमध येतात. हे माप चित्रकलेत सगळ्यात आधी शिकवलं जातं आणि हातात पक्कं बसतं. लहान मुलाला ते लागू पडत नाही. बाळ जन्मतं तेव्हा मेंदू सामावणारी कवटी खूप वाढलेली असते आणि खालचा चेहरा, म्हणजे जबडा, दात, नाक, अजून वाढायचा असतो. नवजात बाळात कवटीचा भाग आणि चेहऱ्याचा भाग यांचं प्रमाण सुमारे ८:१ असतं; मोठेपणी ते २:१ च्या आसपास येतं. म्हणजे वाढत्या वयात चेहरा खालच्या बाजूला लांबत जातो. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या डोक्याच्या मधल्या रेषेवर साधारण भुवया येतात आणि डोळे त्याच्याही खाली. वय वाढेल तशी डोळ्यांची जागा हळूहळू मध्याकडे सरकते.

आता तुमच्या चित्रात हे तपासा. कागदाची एक अरुंद पट्टी घ्या. फोटोवर ती उभी धरून तीन खुणा करा: माथा, डोळ्यांची रेषा, हनुवटी. माथा म्हणजे कवटीचा माथा. केसांचा फुगवटा, शेंडी, आंबाडा, रिबन हे सगळं सोडून. केसांखाली डोकं कुठे संपतं ते अंदाजानं ठरवावं लागतं. कपाळाची गोलाई वर जाऊन मागे कशी वळते ते नजरेनं पुढे न्या, म्हणजे जागा सापडेल. डोळ्यांची रेषा म्हणजे दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे जोडणारी रेषा.

उदाहरण देते. समजा फोटोत माथ्यापासून हनुवटीपर्यंत १० सेंमी आहे आणि माथ्यापासून डोळ्यांची रेषा ५.८ सेंमीवर. तुमच्या चित्रात डोकं १५ सेंमीचं असेल तर डोळ्यांची रेषा वरून ८.७ सेंमीवर यायला हवी. सवयीनं हात ती मधोमध, ७.५ सेंमीवर ठेवतो. फरक सव्वा सेंटीमीटरसुद्धा नाही, पण तेवढ्यानं कपाळ कापलं जातं, डोळ्यांखालचा चेहरा लांबतो आणि चार वर्षांचं पोर मोठ्या माणसासारखं दिसायला लागतं. मग गालावर कितीही हळुवार शेडिंग करा, ते शेडिंग एका प्रौढ चेहऱ्यावरच होत राहतं.

हात असा का वागतो, तेही सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढच्या चित्रात हेच होईल. आपण नातवंडाकडे पाहतो तेव्हा नजर जाते डोळ्यांवर आणि हसण्यावर. जीव तिथेच गुंतलेला असतो. कपाळाकडे कोण पाहतं? त्यामुळे डोळे, नाक, तोंड यांना कागदावर भरपूर जागा मिळते आणि कपाळाला उरलीसुरली. त्यात बरेच जण चित्राची सुरुवातच डोळ्यांपासून करतात. डोळे झाले, नाक झालं, तोंड झालं, आणि मग डोकं वर काढताना ते जिथे बरं वाटेल तिथे आटोपतं. जितकं प्रेम जास्त तितकी ही चूक मोठी होते, असंच मला दिसत आलं आहे. डोळ्यांत रमायला हरकत नाही. फक्त त्याआधी माथा आणि हनुवटी यांच्या दोन आडव्या खुणा कागदावर पडलेल्या असाव्यात आणि काही झालं तरी त्या हलवायच्या नाहीत.

चित्र आधीच पुरं झालं असेल तर फाडू नका. चेहऱ्याची रुंदी आणि डोळे-नाक-तोंड यांच्यातली अंतरं फोटोशी जुळत असतील तर चेहऱ्याला हात न लावता माथा वर नेता येतो. वरच्याच उदाहरणात डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत ७.५ सेंमी झालं आहे. फोटोत हा भाग पूर्ण डोक्याच्या ४२ टक्के आहे. म्हणजे या चेहऱ्याला डोकं हवं साधारण १७.९ सेंमीचं, माथा जवळजवळ ३ सेंमी वर जाईल, आणि कवटी दोन्ही बाजूंनीही थोडी रुंदावेल. केसांची बाहेरची कडा पुसून नवी कवटी अगदी हलक्या हातानं आखा, केस तिच्यावर पुन्हा बसवा. कपाळावर आधी काढलेली केसांची रेषाही वर न्यायला विसरू नका; ती खालीच राहिली तर कपाळ तेवढंच राहील आणि केसांचा टोप घातल्यासारखं दिसेल. कागदाला वर जागा नसेल तर मात्र नवा कागद घ्या. कडेला चिकटलेलं डोकं चांगलं दिसत नाही.

ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, उंच पुढे आलेलं कपाळ, खालच्या बाजूला बसलेले मोठे डोळे आणि गोल गाल ही ठेवण दिसली की आपण ते बाळ म्हणून ओळखतो आणि आपल्याला त्याची माया वाटते. या यादीत डोक्याचा आणि कपाळाचा मान किती मोठा आहे ते पाहा. आपण मात्र एकटे डोळेच मोठे करत बसतो.

फोटोच चुकीचा असेल तर

मापं अचूक घेऊनही चेहरा परका वाटत असेल तर फोटो तपासा. फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान, जबड्याच्या कडा मागे सरकतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणितानं दाखवलं होतं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा खालचा भाग, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतो. लेन्स खराब असते म्हणून हे होत नाही. जे जवळ ते मोठं दिसणारच. फोटोत आपल्याला ते खपून जातं, कारण त्यात रंग असतो, त्वचा असते, ओळख असते. पेन्सिलीच्या रेघांत तेच नाक उघडं पडतं.

नातवंडं लांब राहत असतील तर व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट घेऊन काढायचा मोह होतो. शक्यतो टाळा. कॉलवर फोन जवळ असतो आणि बहुतेक वेळा खालून धरलेला असतो. खालून पाहिलं की जबडा भारी दिसतो, नाकपुड्या दिसतात, कपाळ मागे पळतं. म्हणजे वय वाढवणारी सगळी लक्षणं फोटोतच तयार. उलट मोठा माणूस उभा राहून खाली खेळणाऱ्या मुलाचा फोटो काढतो तेव्हा कपाळ गरजेपेक्षा मोठं आणि हनुवटी अगदी बारीक येते. अशा फोटोवरून मापं घेतलीत तर चित्रही तसंच येईल.

मुलाला, सुनेला, लेकीला, जावयाला, जो कुणी फोटो काढणार असेल त्याला एवढंच सांगा: बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला फोन आण, दीड-दोन मीटर मागे सरक, मग झूम कर. फ्लॅश नको. एका बाजूला खिडकी असावी, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी किंचित सावलीत येते. फ्लॅशमध्ये चेहरा सपाट होतो, मग गोलाई दाखवायला आपण मनानं सावल्या घालतो, आणि मनानं घातलेल्या सावल्या हमखास मोठ्या माणसाच्या गालफडांच्या असतात. फोनमधला ब्यूटी मोड बंद ठेवायला सांगा. आणि खो खो हसतानाचा फोटो पहिल्या चित्राला घेऊ नका. हसण्यात डोळे बारीक होतात, गालांना घड्या पडतात, दात दिसतात. हे सगळं पेन्सिलीनं सांभाळणं जाणत्यालाही जड जातं. मिटलेल्या ओठांचं हलकं हसू पुरे.

आणखी एक कारण आहे, जे फार कमी जणांच्या लक्षात येतं. दोन-तीन फोटो समोर ठेवून चित्र काढलं जातं: डोळे या वाढदिवसाच्या फोटोतले, कारण ते स्पष्ट आहेत, आणि गाल मागच्या वर्षीच्या फोटोतले, कारण ते जास्त गोड आहेत. मुलाचा चेहरा एका वर्षात इतका बदलतो की अशा चित्रात कुठलंच वय राहत नाही. पाहणारा म्हणतो, ‘छान आहे, पण हा नाही.’ जोडीला दुसरे फोटो जरूर ठेवा, पण त्याच दिवसांतले. आपल्या मनातही नातवंडाचा एक जुना चेहरा असतो आणि हात कधी कधी फोटो सोडून त्याच्याकडेच वळतो. त्यावर पट्टीचं माप हाच उपाय आहे.

टेबलावर सपाट कागद

चित्र काढताना सारखं वाटतं आणि उभं करून पाहिलं की चेहरा लांबट झालेला असतो, असं होत असेल तर दोष बैठकीचा आहे. कागद टेबलावर सपाट पडलेला असतो तेव्हा त्याची वरची कड डोळ्यांपासून लांब असते, त्यामुळे पूर्ण कागद उंचीला आखूड दिसतो. फोटो मात्र समोर फोनच्या पडद्यावर उभा असतो. नजरेला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून हात नकळत चित्र लांबवत जातो. लांबट चेहरा म्हणजे पुन्हा मोठं वय. (फोटोही कागदाशेजारी सपाट ठेवलेला असेल तर हा दोष येत नाही, कारण दोन्ही सारखेच आखूड दिसतात.)

पाठीमागे जाडजूड पुस्तकं लावून ड्रॉइंग बोर्ड तिरका करा, इतका की नजर कागदावर सरळ पडेल. इथे चष्म्याची अडचण येते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसायचा भाग खाली असतो. बोर्ड उभा केला की मान मागे टाकून पाहावं लागतं आणि थोड्या वेळात मान धरते. मग नकळत बोर्ड पुन्हा आडवा होतो. फक्त जवळचं पाहायचा एकाच नंबरचा चष्मा असेल तर चित्रासाठी तोच वापरा. आणि लांबून चित्र तपासताना तो काढून लांबचा लावा, नाहीतर जे दिसतं ते धुरकट असतं आणि धुरकट चित्र नेहमीच बरं वाटतं.

मापं बरोबर, तरी चेहरा थकलेला

आता रेषांकडे. लहान मुलाच्या चेहऱ्यावर खऱ्या अर्थानं रेषा फार थोड्या असतात: वरच्या पापणीची कड, ओठांच्या मधली फट, नाकपुड्या. बाकी सगळं म्हणजे एका छटेतून दुसऱ्या छटेत गेलेला उतार. आपण जिथे जिथे उतार पाहतो तिथे रेघ मारतो आणि प्रत्येक रेघ वय वाढवते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी रेघ नाकाच्या बाजूनं तोंडाच्या कोपऱ्याकडे येते ती. हसऱ्या फोटोत ती ठळक दिसते, म्हणून काढली जाते. फोटो मोठा करून पाहा: तिथे रेघ नाही, गालाचा फुगीर भाग जिथे संपतो तिथली एक रुंद, मऊ सावली आहे, आणि तीही सावलीकडच्या बाजूला थोडी गडद, उजेडाकडे जवळजवळ नाहीच. रेघ काढून झाली असेल तर खोडरबरानं घासू नका. मळता येणाऱ्या मऊ रबराचं टोक करून रेघेवर फक्त टेकवत, उचलत जा. रेघ विरळ होऊन सावली उरेल. नंतर बाहेरच्या, म्हणजे गालाच्या बाजूला एचबी (मध्यम कडक) पेन्सिलीचा अगदी हलका हात फिरवून ती रुंद करा. डोळ्यांखालच्या रेघेचंही तसंच. हसताना खालची पापणी फुगते. तिच्याखालची छटा रेघ झाली की मूल आजारातून उठल्यासारखं दिसतं.

नाकाचा दांडा मुलांना जवळजवळ नसतोच, तो बसका असतो. म्हणून भुवईपासून नाकाच्या कडेनं खाली येणारी रेषा काढायचीच नाही. नाकाच्या शेंड्याखालची सावली, दोन मऊ नाकपुड्या आणि शेंड्यावरचा उजेड एवढ्यावर मुलाचं नाक उभं राहतं. पहिल्यांदा करताना नाक काढलंच नाही असं वाटेल. थांबा, लांबून पाहा. नाक दिसतं.

डोळ्यांबद्दल एक गोष्ट समजून घ्यावी अशी आहे. डोळ्यासमोरच्या पारदर्शक पटलाचा व्यास जन्मताच सुमारे १० मिमी असतो आणि मोठेपणी सुमारे ११.७ मिमी, आणि ही वाढ साधारण पहिल्या दोन वर्षांतच पुरी होते. बुबुळ त्यामागेच असतं. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या एवढ्याशा चेहऱ्यात बुबुळ जवळपास मोठ्या माणसाएवढं असतं. म्हणून मुलांचे डोळे टपोरे दिसतात: डोळ्याची खाच फार मोठी असते म्हणून नव्हे, तर त्या खाचेत बुबुळ जास्त जागा घेतं आणि पांढरं कमी दिसतं म्हणून. पूर्ण डोळाच मोठा केला तर बाहुलीसारखा दिसतो. खाच फोटोतल्या मापाची ठेवा आणि बुबुळ नीट मोजा. पांढरा भागही कोरा सोडू नका. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, तिथे फिकी करडी छटा हवी. कोरा कागद सोडायचा तो फक्त बुबुळावरच्या उजेडाच्या ठिपक्यासाठी, आणि तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला.

भुवया गडद करू नका. मुलांच्या भुवया विरळ असतात, कडा नसतात. टोकदार एचबीनं केसांच्या दिशेनं तुरळक रेघा पुरतात. ओठांना बाहेरून रेघ नको. दात दिसत असतील तर दातांच्या मधल्या रेघा काढू नका, एक उजळ पट्टी ठेवा आणि तिच्या वर-खालच्या सावल्या दाखवा. दुधाचे दात पडायला लागतात सहाव्या वर्षाच्या आसपास. ती पडलेल्या दाताची फट मात्र जरूर दाखवा, ते वय पुन्हा येत नाही. तीही काळीकुट्ट नको, मऊ कडांची.

मान आणि खांदे राहिलेच. चेहरा उत्तम उतरलेला असताना खाली मोठ्या माणसाची जाड मान आणि रुंद खांदे आले की सगळा तोल जातो. डोक्याच्या मानानं मुलाची मान बारीक आणि आखूड असते, खांदे अरुंद. पट्टी इथेही वापरा.

वय बरोबर, पण ‘हा आमचा नाही’

ही वेगळी तक्रार आहे आणि तिचं मूळ अवयवांपेक्षा अवयवांमधल्या अंतरांत असतं. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाखालून वरच्या ओठापर्यंतची जागा, खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंतची जागा ही तीन आधी मोजा. नंतर चेहऱ्याचा असमानपणा पाहा. प्रत्येकाचा एक डोळा किंचित वर, तोंडाचा एक कोपरा किंचित खाली असतो. आपण तो नीटनेटका करून टाकतो आणि त्याबरोबर तोंडवळाच निघून जातो. तुमच्या नातवाचं हसू डावीकडे जास्त चढत असेल तर ते तसंच चढू द्या.

तपासायला आरसा घ्या. चित्र आणि फोटो दोन्ही आरशात धरा, किंवा चित्राचा फोटो काढून फोनमध्ये डावं-उजवं उलटा. नजरेला सवय झालेलं चित्र एकदम नवं दिसतं आणि कलता डोळा, घसरलेला जबडा चटकन सापडतो. काही जण चित्र खालचं वर करून पाहायला सांगतात. आकार उतरवताना ती युक्ती चांगली आहे, पण भाव जमला की नाही हे ठरवायला ती वापरू नका. १९८० मध्ये पीटर थॉम्प्सन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की चेहरा उलटा धरला तर त्यातले डोळे-तोंड तेवढे उलटे फिरवून चिकटवलेले असले तरी आपल्याला ते फारसं जाणवत नाही. सरळ केल्यावर मात्र तोच चेहरा भेसूर दिसतो. उलट्या चित्रात चूक लपते.

चौकोन पाडून काढण्यात कमीपणा मानू नका. इटालियन वास्तुविशारद लिऑन बातिस्ता अल्बेर्ती यांनी १४३५ मध्येच जाळीच्या पडद्यातून पाहून चित्र उतरवायची रीत लिहून ठेवली आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा, की जाळी फोटोतला दोषही तितक्याच इमानानं उतरवते. आणि चौकोनांच्या रेघा एचनं नव्हे, एचबीनं अगदी हलक्या मारा. कडक पेन्सिलीची रेघ कागदात रुतते आणि पुसल्यावरही गालावरून पांढरी पट्टी होऊन जाते.

गाल मळकट, काळं चकाकतं

बोटानं घासणं बंद करा. बोटाचं तेल कागदाला लागतं, तिथे ग्रॅफाइट डाग धरतं आणि तो रबरानं निघत नाही. हाताखाली कोरा कागद ठेवा. गालांवर एचबी आणि २बी (थोडी मऊ, गडद) पेन्सिलीचे विरळ थर एकावर एक द्या. दाब वाढवायचा नाही, थर वाढवायचे. घासायचंच असेल तर कागदी स्टंप (घट्ट गुंडाळलेल्या कागदाची टोकदार कांडी), तोही शेवटी आणि थोडाच. कागद साधारण १६० ते २०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, पाकिटावर लिहिलेलं असतं), किंचित खरखरीत. अगदी गुळगुळीत कागद दोन थरांनंतर पेन्सिल घेत नाही, आणि फार खरखरीत असेल तर बाळाच्या गालावर रवाळ ठिपके येतात.

काळं चकाकतं ते ग्रॅफाइटच्या चपट्या कणांमुळे; जोरानं दाबलं की ते एका पातळीत बसतात आणि उजेड परतवतात. डोळ्यातली बाहुली, नाकपुडी, केसांतल्या खोल जागा एवढ्यालाच ४बी (आणखी मऊ, गडद) वापरा. मॅट काळं हवंच असेल तर त्या जागी कार्बन पेन्सिल किंवा चारकोल आधी लावा. चकाकणाऱ्या ग्रॅफाइटवर चारकोल धरत नाही.

सावळ्या नातवंडांबद्दल मला ठामपणे सांगायचं आहे. ‘शेडिंगमुळे मोठा दिसतो’ या भीतीनं पुष्कळ जण पोराला गोरं करून टाकतात. तसं करू नका. गडद छटेनं वय वाढत नाही, तुटक कडांनी वाढतं. पूर्ण चेहऱ्यावर, उजेडाचे ठिपके सोडून, आधी एकसारखी मधली छटा द्या. तिच्यावर सावल्या चढवा आणि कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचा उंचवटा इथला उजेड मळत्या रबरानं उचला. उतार मऊ असतील तर तो सावळा चेहरा जितका कोवळा आहे तितकाच कोवळा दिसेल.

चित्र झालं की एक-दोन दिवस नजरेआड ठेवा आणि मग पट्टी घेऊन शेवटची तपासणी करा: माथा, डोळ्यांची रेषा, हनुवटी, मान. मुलाच्या आई-वडिलांना दाखवायचं असेल तर फिक्सेटिव्ह (ग्रॅफाइट पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारायच्या आधी दाखवा. ते रोज तो चेहरा पाहतात, ‘गाल जरा खाली हवेत’ असं काहीतरी ते बोलतात आणि बहुधा ते बरोबर असतं. फिक्सेटिव्हनंतर रबरानं छटा उचलता येत नाही, म्हणून दुरुस्त्या त्याआधीच. फवारणी मोकळ्या हवेत, लांबून, हलक्या दोन थरांत. कागदाच्या मागे मुलाचं वय आणि फोटोची तारीख पेन्सिलीनं लिहा, दाब न देता, नाहीतर अक्षरं पुढच्या बाजूनं उठतील.